फॅनना नावं ठेवू नका

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात त्याने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक तक्ता टाकला. डाव्या रकान्यात आपला झेंडा, उजव्या रकान्यात शेजाऱ्याचा. खाली ओळीने रणगाडे, तोफा, लढाऊ विमानं, पाणबुड्या, खडं सैन्य. शेवटच्या ओळीत ठळक अक्षरांत निकाल, आणि त्याखाली मला उद्देशून: "मामा, बरोबर आहे ना? तू फक्त हो म्हण."

इथे लडाखात (नेहमीप्रमाणे यापेक्षा जास्त पत्ता सांगत नाही) नेटवर्क येतं तेव्हा येतं. मी तक्ता पाहिला तोवर ग्रुपवर साठ-सत्तर मेसेज पडले होते. कुणी म्हणे एक आठवडा पुरे, कुणी म्हणे तीन दिवस. एका मावसभावाने आदल्या रात्रीच्या टीव्हीवरच्या चर्चेची क्लिप टाकली होती. तीत चार चौकोनांत चार माणसं एकाच वेळी ओरडत होती आणि मागे स्फोटांचे ग्राफिक्स चालले होते. शेवटी आमच्या एका काकांनी, जे बँकेतून निवृत्त झालेत आणि सहसा बोलत नाहीत, एकच ओळ लिहिली: "युद्धाबद्दल फुटबॉलच्या फॅनसारखं काय बोलताय रे?"

काकांचा हेतू चांगला होता. ओरडा थांबला, दोघांनी सॉरीसुद्धा म्हटलं. पण मला ते वाक्य खटकलं आणि अजून खटकतंय. ही मंडळी फॅनसारखी बोलत नव्हती. फॅनसारखी बोलली असती तर मला आनंद झाला असता. मी जवळजवळ वर्षभर फॅन लोकांत राहिलो आहे आणि त्यांच्या वतीने आज भांडणार आहे.

2012 च्या उन्हाळ्यात मी मेजर होतो आणि मला अमेरिकेत कॅन्सास राज्यातल्या फोर्ट लेव्हनवर्थला कमांड अँड जनरल स्टाफ कॉलेजच्या कोर्ससाठी पाठवलं होतं. तिथे परदेशी अधिकाऱ्यांना स्थानिक कुटुंबं दत्तक घेतल्यासारखी सांभाळतात. त्यांना स्पॉन्सर म्हणतात. आमचे स्पॉन्सर एक सत्तरी ओलांडलेलं जोडपं होतं. माझी बायको त्यांना पहिल्याच आठवड्यात आजोबा-आजी म्हणायला लागली आणि त्या दोघांनीही तो उच्चार शिकून घेतला. आजोबा कॅन्सास स्टेट युनिव्हर्सिटीचे, आजी युनिव्हर्सिटी ऑफ कॅन्सासच्या. पन्नास वर्षांच्या संसारात एवढं एकच भांडण मिटलं नव्हतं.

आपल्याकडच्या वाचकाला एक गोष्ट सांगावी लागेल. तिकडे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू हातात घेऊन खेळतात तो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याला. आणि कॉलेज फुटबॉल म्हणजे आपल्या इंटर-कॉलेजसारखं, पंचवीस मित्र आणि एक चहावाला एवढ्यांसमोर होणारं प्रकरण नव्हे. ज्या गावाची वस्ती पन्नास हजार, त्या गावातल्या स्टेडियममध्ये शनिवारी पन्नास हजार माणसं बसतात. खेळणारी पोरं एकोणीस-वीस वर्षांची. बघणारे त्याच कॉलेजातून तीस-चाळीस वर्षांपूर्वी बाहेर पडलेले.

मी सुरुवातीला हसलो होतो. शेजारच्या बंगल्यातल्या पाकिस्तानी मेजरशी (हो, तिथे शेजारी होतो, आणि त्याच्या बायकोची बिर्याणी उत्तम असायची) मी म्हणालोही होतो की या लोकांना दुसरे उद्योग नाहीत. मग एका शनिवारी आजोबांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांची आणि त्यांच्या तीन मित्रांची चर्चा ऐकली आणि हसायचा थांबलो.

विषय होता पुढची मॅच. त्यातला एकही माणूस "आपण त्यांना फाडून खाऊ" असं म्हणाला नाही. पहिला प्रश्न आला तो आपल्या डाव्या बाजूच्या लाइनमनच्या गुडघ्याचा. तो उभा राहील का, आणि नाही राहिला तर त्याच्या जागी येणारा पोरगा अजून पहिल्या वर्षाचा आहे, त्याचं काय? मग समोरच्यांचं. त्यांना गेल्या आठवड्यात सुट्टी होती, म्हणजे पाय ताजे. आपण लांबचा प्रवास करून आलोय. शेवटच्या पंधरा मिनिटांत आपला बचाव थकतो, हे तीन मॅच दिसतंय, ते कोचने दुरुस्त केलं की झाकलं? त्यातला एक जण समोरच्या टीमच्या क्वार्टरबॅकबद्दल इतकं बारकाईने बोलला की मला वाटलं तो याचा नातू असावा. तो पोरगा दबाव आला की उजवीकडे पळतो, डावीकडे कधीच नाही, हे या म्हाताऱ्याने स्वतः चार मॅच बघून वहीत लिहून ठेवलं होतं. आम्ही स्टाफ कॉलेजात याला शत्रूचा अभ्यास म्हणतो आणि त्यासाठी चांगले पगारी अधिकारी नेमतो.

आजोबांच्या फ्रिजवर एक कागद होता. मोसम सुरू व्हायच्या आधी, ऑगस्टमध्ये, ते बारा मॅचची यादी करून प्रत्येकीपुढे आपला अंदाज लिहायचे. खाली तारीख आणि सही. आजीची साक्षीदार म्हणून दुसरी सही. एकदा चिकटवला की त्यावर खाडाखोड करायची नाही. रविवारी सकाळी आजी लाल पेनाने खूण करायच्या. ती लाल पेन्सिल-पेनं फक्त त्यासाठीच एका कपात वेगळी ठेवलेली होती.

त्या वर्षी कॅन्सास स्टेटचा वारू उधळला होता. हीच ती टीम, जी 1989 साली बिल स्नायडर कोच म्हणून आले तेव्हा देशातल्या सर्वांत जास्त हरलेल्या टीमपैकी एक होती. सप्टेंबरपासून पहिल्या दहाच्या दहा मॅच जिंकल्या. आजींच्या कॅन्सासला 56-16 असं धुतलं. त्या रात्री आजी आमच्याकडे जेवायला आल्या, घरी थांबल्या नाहीत. नोव्हेंबरच्या मध्याला टीम देशात पहिल्या क्रमांकावर पोचली. पुढची मॅच टेक्ससमध्ये, बेलर युनिव्हर्सिटीशी. बेलरने तोवर जिंकल्या होत्या त्याहून एक मॅच जास्त हरली होती. फ्रिजवरच्या कागदावर बेलरपुढे 'विजय' लिहिलं होतं, आणि आजोबांनी खाली दोन रेघा ओढल्या होत्या. बारा ओळींत दोन रेघा असलेली ही एकच.

17 नोव्हेंबरला बेलर 52, कॅन्सास स्टेट 24.

रविवारी मी मुद्दाम गेलो नाही. सोमवारी काही कारण काढून गेलो. कागद तिथेच होता. दोन रेघांवर आजींची लाल फुली. तो कागद नाताळपर्यंत तसाच होता आणि घरी येणारा प्रत्येक माणूस दूध काढताना तो बघत होता. आजोबांनी कारणं सांगितली नाहीत, पंचाला शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाले, की मी त्यांचा बचाव बघितला होता, त्यांचं आक्रमण बघायचा मला कंटाळा आला.

आता मला सांगा, आपल्या टीव्हीवर गेल्या पंधरा-वीस वर्षांत किती वेळा कुणी छातीठोकपणे सांगितलंय की अमुक झालं तर तमुक दिवसांत आपण तमक्या शहरात असू? त्यातला एक तरी माणूस नंतर येऊन म्हणाला का, की मी असं बोललो होतो, ते चुकलं? यात आमचे काही निवृत्त सिनियरही आहेत, हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण आहेत. त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं की परिस्थितीचं अ‍ॅप्रिसिएशन करताना आधी निष्कर्ष ठरवून मग त्याला पुरावे जोडत बसू नका. इंग्रजीत यावर शब्दांची एक कसरत आहे, फौजेतल्या प्रत्येक कॅप्टनला ती पाठ असते आणि प्रत्येक कॅप्टन ती चूक करतो.

मीही केली आहे. वाळवंटातल्या एका सरावात माझ्या डाव्या बाजूला उंच टिब्यांचा पट्टा होता. तिथून गाड्या येणार नाहीत असं मी लिहिलं. का? तर तिथे ठेवायला माझ्याकडे तुकडी उरली नव्हती. वाळू मऊ आहे हे मी नकाशावर बघितलं, जाऊन बघितलं नाही. पहाटे साडेचारला समोरची टीम तिथूनच आली. अंपायरने माझ्या हातात चहाचा मग दिला आणि म्हणाला, साहेब, तुमचं ब्रिगेड हेडक्वार्टर आता त्यांचं आहे, चहा मात्र तुमचाच आहे. तो सराव होता म्हणून मी आज हे गमतीने लिहू शकतो.

आकड्यांच्या तक्त्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना कॉलेज फुटबॉलचा फॅन दोन वर्षं तोंडपाठ म्हणून दाखवतो. 1948 साली आर्मी, म्हणजे वेस्ट पॉइंटची टीम, आठपैकी आठ जिंकून नेव्हीसमोर उभी राहिली. नेव्ही आठपैकी आठ हरून आलेली. निकाल 21-21. दोनच वर्षांनी, 1950 मध्ये, आर्मी पुन्हा अपराजित. नेव्हीने त्या वर्षी फक्त दोन मॅच जिंकलेल्या. नेव्ही 14, आर्मी 2. हे आकडे माझ्या स्टाफ ग्रुपमधल्या एका इन्फन्ट्रीच्या मेजरने मला सांगितले. तो स्वतः वेस्ट पॉइंटचा. म्हणजे आपल्याच कॉलेजची नाचक्की तो मला कॉफी पिता पिता ऐकवत होता, आणि डोळ्यांत तीच खुन्नस होती जी पासष्ट वर्षांपूर्वी कुणाच्या तरी डोळ्यांत असेल.

आपण मराठी माणसं यात कमी नाही म्हणा. पानिपतावर कट्ट्यावर बसून अजून मॅच खेळतो. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, होळकर थांबले असते तर, बुणगे सोबत नेले नसते तर. अडीचशेहून जास्त वर्षं झाली, सगळे मॅचनंतरचे हुशार. 1760 च्या उन्हाळ्यात कुणी फ्रिजवर कागद लावला असता तर! (फ्रिज नव्हता, कबूल. दिवाणखान्याचा खांब होता.)

आता दुसरी बाजू. ती लपवली तर मी त्या टीव्हीवाल्यांपेक्षा वेगळा नाही.

लेव्हनवर्थ मिसूरी नदीच्या काठावर आहे. पूल ओलांडला की मिसूरी राज्य. 1850 च्या दशकात कॅन्सास गुलामगिरीचं राज्य होणार की मुक्त, यावरून या सीमेवर दोन्हीकडच्या टोळ्यांनी एकमेकांची गावं जाळली, माणसं मारली. नंतर यादवी युद्धात ते आणखी चिघळलं. 1861 मध्ये कॅन्ससच्या बाजूच्यांनी मिसूरीतलं ओसीओला लुटून जाळलं. 21 ऑगस्ट 1863 ला पहाटे क्वांट्रिलचे घोडेस्वार मिसूरीकडून लॉरेन्सवर आले. सुमारे दीडशे पुरुष आणि मुलगे मारले, गाव पेटवलं. लॉरेन्समध्येच आजींची युनिव्हर्सिटी आहे, आमच्या घरापासून तासाभराच्या आत. कॅन्सासच्या टीमचं नाव 'जेहॉक्स', म्हणजे त्याच काळातल्या एका बाजूच्या टोळ्यांचं नाव. मिसूरीचे 'टायगर्स' यांचं नावही त्या युद्धातल्या गावरक्षक दलावरून आलेलं. 1891 पासून हे दोघे फुटबॉल खेळत आले आणि त्या मॅचला लोक 'बॉर्डर वॉर' म्हणायचे. इराकचं युद्ध चालू असताना, 2004 मध्ये, युनिव्हर्सिट्यांनी अधिकृत नाव बदलून 'बॉर्डर शोडाऊन' केलं. लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही.

2007 मध्ये दोन्ही टीम इतक्या चांगल्या होत्या की कॅन्सास देशात दुसरं आणि मिसूरी तिसरं अशा क्रमांकांवर ती मॅच झाली. मिसूरी 36-28 ने जिंकली. पण त्या मोसमाची आठवण म्हणून आजींनी मला सांगितला तो एक टी-शर्ट. मिसूरीच्या काही फॅननी घातलेल्या त्या टी-शर्टवर जळतं लॉरेन्स होतं आणि खाली एकच शब्द: स्कोअरबोर्ड. कॅन्सासवाल्यांचंही उत्तर तयार होतं. त्यांच्या टी-शर्टवर जॉन ब्राऊन. गुलामगिरीविरुद्ध तलवार उचललेला हा माणूस कॅन्सासला देवासमान. 1856 मध्ये त्याच्या माणसांनी रात्री पाच जणांना घराबाहेर काढून मारलं हे टी-शर्टवर मावत नाही.

आजी हे सांगत होत्या तेव्हा भाजी चिरत होत्या. त्या म्हणाल्या, दीडशे प्रेतं म्हणजे स्कोअर नसतो. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, की मला मात्र ते सोडून गेल्याचं वाईट वाटतं. कारण त्याच वर्षी, 2012 ला, मिसूरी जुनी कॉन्फरन्स सोडून दक्षिणेकडच्या श्रीमंत कॉन्फरन्समध्ये गेली होती. टेलिव्हिजनचा पैसा तिकडे होता. शंभराहून जास्त वर्षांची मॅच बंद पडली आणि पुन्हा सुरू व्हायला 2025 उजाडावं लागलं. आजींची त्या वर्षीची टीम बारापैकी एक मॅच जिंकली, पण त्यांची तक्रार ती नव्हती. ज्यांना वर्षभर शिव्या द्यायच्या तेच नाहीत, असं त्यांचं म्हणणं. 1960 च्या मॅचचं भांडण कुणाशी करू? त्या साली कॅन्सासने पहिल्या क्रमांकावरच्या मिसूरीला 23-7 हरवलं, आणि नंतर एक खेळाडू अपात्र ठरल्यामुळे कॉन्फरन्सने तो विजय काढून घेतला. दोन्ही युनिव्हर्सिट्यांचे एकूण हिशोब आजही एका मॅचने जुळत नाहीत. आजी त्या मॅचबद्दल बोलायला लागल्या की भाजी करपायची.

तर फॅनही नासतो. फॅन नासतो तेव्हा तो मेलेल्या माणसांना गुणफलकावर चढवतो. पण बघा, तो नासतो म्हणजे नेमकं काय होतं? तो खेळाला युद्ध समजायला लागतो. आणि आपल्याकडे टीव्हीवर, ग्रुपवर जे चालतं ते उलट्या बाजूने त्याच जागी पोचतं. ते टी-शर्ट घालायला लाज वाटावी एवढं तरी तिथल्या बहुतेकांना कळत होतं. आपल्याकडे तो टी-शर्ट रोज रात्री नऊला लागतो, आणि मध्ये जाहिराती असतात.

काका, तुम्ही 'फॅनसारखं' म्हणालात ना, म्हणून आता 8 डिसेंबर 2012 ची दुपार सांगतो.

आमच्या सोळा जणांच्या स्टाफ ग्रुपमधल्या एकाच्या घरी तळघरात आम्ही जमलो होतो. आर्मी विरुद्ध नेव्ही, फिलाडेल्फियात. खोलीत वेस्ट पॉइंटचे तिघे, नेव्हीचा एक लेफ्टनंट कमांडर, बाकी आम्ही हौशे-नवशे. जवळजवळ सगळे अमेरिकन इराक किंवा अफगाणिस्तान करून आलेले, काही दोन्ही. आर्मी लागोपाठ दहा वर्षं नेव्हीकडून हरलेली होती. त्या मोसमात अकरापैकी दोनच मॅच जिंकलेल्या. तरीही ते तिघं आठवडाभर वर्गात, जेवताना, पार्किंगमध्ये आर्मीच्या शक्यतांवर वाद घालत होते आणि त्या वादात खोटं काही नव्हतं. आपण हलके आहोत. (ही पोरं पुढे अधिकारी व्हायची, त्यामुळे लाइनमनना शेवटी वजन उतरवावंच लागतं.) आपण चेंडू पळवत नेतो, फेकत नाही. पळवायला गेलं की हातातून सुटतो. चेंडू सुटला नाही तर आपण जिंकू. हे वाक्य त्यातल्या एकाने आठवड्यात वीस वेळा म्हटलं असेल: चेंडू सुटला नाही तर.

शेवटचं मिनिट. नेव्ही 17, आर्मी 13. आर्मी नेव्हीच्या टोकाकडे निघालेली, चौदा यार्ड उरलेले. क्वार्टरबॅकने पाठीमागून धावत येणाऱ्याच्या पोटात चेंडू द्यायचा, हजार वेळा केलेली गोष्ट. दोघांच्या मध्ये चेंडू सुटला. नेव्हीचा पोरगा त्यावर पडला.

तळघरात कुणी काही बोललं नाही. मग टीव्हीवर ते सुरू झालं, ज्याबद्दल मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही टीम एकत्र चालत गेल्या आणि हरलेल्यांच्या कॅडेटसमोर उभ्या राहिल्या. आधी हरलेल्या कॉलेजचं गीत, जिंकलेलेही टोप्या-हेल्मेट काढून ताठ उभे. मग सगळे मिळून जिंकलेल्यांकडे, त्यांचं गीत. तळघरातले तिघं उठून उभे राहिले. नेव्हीवाला त्यांच्या बाजूला, अटेन्शनमध्ये. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण तो त्याने गीत संपेपर्यंत दाबून ठेवला. नंतर मात्र त्याने तिघांना इतकं छळलं की मला मध्ये पडावं लागलं.

वर अंगणात सिगारेट ओढताना तो इन्फन्ट्रीचा मेजर मला म्हणाला, तो क्वार्टरबॅक मे महिन्यात लेफ्टनंट होईल. त्यानंतर तो कुणाच्या तरी हाताखाली येईल, कदाचित माझ्या. आज मी त्याला शिव्या दिल्या, हे मला आठवेल.

इथे मला माझं स्वतःचं एनडीए आठवतं. आमच्या स्क्वॉड्रनच्या फुटबॉलवर आम्ही रात्री दिवे गेल्यावर चादरीखाली चर्चा करायचो. कुणाची नडगी दुखतेय, कुणाने दुपारी जास्त जेवण केलंय, समोरच्या स्क्वॉड्रनचा गोली उंच चेंडूला उशिरा उडी मारतो. एवढं सगळं कळायचं कारण ती माणसं आमच्या शेजारच्या कॅबिनमध्ये राहत होती. पुढे त्यातले काही युनिटमध्ये भेटले. एक जण फोटोतच राहिला.

फॅनच्या बडबडीला किंमत कशामुळे येते ते एवढंच. खेळणारा पोरगा त्याचा असतो. हरला तर शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना दिसतं. आणि पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच रिकाम्या कागदासमोर पुन्हा बसावं लागतं. आमच्या ग्रुपवर तीन दिवसांत निकाल लावणाऱ्या मंडळींपैकी किती जणांच्या घरचा पोरगा खेळतोय? त्यांचा पोरगा खेळत नाही याचा मला राग नाही. प्रत्येकाने फौजेत यावं असं मी कधी म्हटलेलं नाही, आमच्याकडे इतक्या जागाही नाहीत. पण ज्याचा पोरगा मैदानात नाही त्याने निदान गुडघ्याची चौकशी आधी करावी.

मला ठाऊक आहे, यावर एक उत्तर येणार. लोकांचं मनोबल टिकवायला असं बोलावं लागतं, साहेब. तुम्ही फौजी लोक फार थंड बोलता. माझ्या कंपनीतल्या जवानांच्या मनोबलाबद्दल मला थोडं कळतं. ते टीव्हीवरच्या आरडाओरडीवर चालत नाही. सुट्टी वेळेवर मिळाली, पत्र (आता व्हिडिओ कॉल) लागला, बूट पायाला बसला, आणि समोर काय आहे हे अधिकाऱ्याने खरं सांगितलं, की ते टिकतं. ज्याला सांगितलंय की समोरचा तीन दिवसांत पळणार, तो चौथ्या दिवशी माझ्याकडे बघतो. टीव्हीवरच्या माणसाकडे बघत नाही. नजर माझ्यावर येते.

तर भाच्याला मी काय उत्तर दिलं? 'हो' म्हटलं नाही. 'नाही'ही म्हटलं नाही, ते मला म्हणता येत नाही आणि तो माझा अधिकारही नाही. मी त्याला विचारलं की तुझ्या तक्त्यात एक जवान पुण्याहून विमानाने लेहला उतरला, तर तो कोणत्या रकान्यात येतो? तो म्हणाला, खडं सैन्य. मी म्हटलं, नाही बाळा, तो अजून कुठेच येत नाही. पहिल्या टप्प्यात सहा दिवस, त्यातले पहिले दोन नुसती विश्रांती. मग बारा हजार फुटांवर गेला की चार दिवस. पंधरा हजारांवर गेला की आणखी चार. चौदा दिवस तो माणूस आहे, पण तुझ्या तक्त्यातला सैनिक नाही. घाई केलीस तर त्याच्या फुप्फुसात पाणी भरतं आणि शत्रूने गोळी न झाडता एक कमी होतो. तुझा तीन दिवसांचा निकाल लागला तेव्हा तो तिथे रिकाम्या पोटी डोकं धरून पडला होता.

मग त्याला लाइन दिसली. पोरगा हुशार आहे. त्याने पुढचे प्रश्न स्वतः विचारले. खिंड बंद असते तेव्हा? रॉकेल कुठून येतं? तोफ इतक्या उंचीवर तेवढ्याच लांब मारते का? (हवा विरळ, गोळा जास्त लांब जातो, तक्ते बदलावे लागतात. यावर तो तासभर खूश होता, इंजिनिअर शेवटी.) आणि मग त्याने न विचारता तोच प्रश्न समोरच्याच्या रकान्याला लावला. त्यांच्या पोरांनाही चौदा दिवस लागतात का, मामा? मी म्हटलं, हे तू शोध. उघड छापलेलं पुष्कळ आहे. शोधून लिही, आणि अंदाज लिहायचाच असेल तर तारीख घाल, सही कर, आईची सही घे आणि सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लाव.

परवा ताईचा फोन आला. नेटवर्क तुटत होतं, तरी एवढं ऐकू आलं: "अरे, हे फ्रिजवर काय चिकटवायला सांगितलंयस तू याला? दोन पानं झाली, तिसऱ्याला जागा नाही. आणि मला सही करायला लावतोय. वाचल्याशिवाय मी नाही करणार, सांगून ठेवते."